फ्रेजल सर

वर्धा जिल्ह्यात आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, कुठंही उतरा आणि इंग्रजीची शिकवणी विचारा. पानठेल्यावाला हात दाखवील ते घर आमच्या सरांचंच. माणूस वेगळा असेल, सर तेच. पुढच्या खोलीत सतरंजी, भिंतीलाच काळा रंग फासून केलेला फळा, आणि पोट्ट्यांनी पाठीमागे ठेवलेलं नाव : फ्रेजल सर.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली २००० साली. सर त्याआधीचे. त्यांच्या वेळी दुधाचे दात पडल्यावर, पाचवीत, इंग्रजी यायची. ती त्यांनी तर्खडकरांच्या पाठमालेवर आणि सरकारी कागदांवर पोसली. त्यामुळे पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट अशी वजनदार मंडळी त्यांच्याकडे कायम मुक्कामाला. मग एकदा पुण्याचा भाचा सुटीत आला आणि ओसरीत येरझाऱ्या घालत फोनवर साहेबाशी बोलला. पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इन्टू. एकेक शब्द सरांच्या ओळखीचा, पण जोडी जमली की अर्थ गायब. त्या रात्री सर जेवले नाहीत म्हणतात. सकाळी निष्कर्ष तयार होता : “गोऱ्यानं आपल्याले कचेरीतली इंग्रजी देली, घरातली सोबत घेऊन गेला.”

तेव्हापासून सर या जोड्यांच्या, म्हणजे फ्रेजल वर्बच्या, गोष्टी सांगतात. गोष्टीत शेतकरी एकच, त्याचा बैलही एकच. “शेतकरी पाचला वेक अप झाला, पण गेट अप झाला नाही. वेक अप म्हंजे डोळे उघडले. गेट अप म्हंजे खाट सोडली. दोघांच्या मधात अर्धा तास अन् बायकोच्या तीन हाका.” मग तो कापूस घेऊन सेट आउट करतो, व्यापारी भाव ऐकून टर्न डाउन करतो, घरी येईस्तोवर पैसे रन आउट होतात. कापसाला भाव मिळाल्याची गोष्ट अजून आलेली नाही. त्यासाठी फ्रेजल वर्ब नसावं.

आर्वीच्या एसटीची गोष्ट त्याहून चांगली. गाडी आंजीजवळ ब्रेक डाउन होते. प्रवासी बसमधून ‘गेट ऑफ’ होतात आणि ऑटोत ‘गेट इन’ करतात. “ऑटोतून उतरताना मात्र ‘गेट आउट ऑफ’. बसमधून ऑफ, ऑटोतून आउट. काऊन? बसमध्ये उभं राहता येते, ऑटोत वाकावं लागते.” हा नियम सरांनी कुठून काढला देव जाणे, पण रेल्वे, विमान, कार, सगळीकडे चालवून पाहिला, चालतो.

व्याकरणाचा तर सर फडशाच पाडतात. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं, मग ‘टर्न ऑफ इट’ का नाही? “फॅन घरचा माणूस, कुठंही बसते. ‘इट’ जावई आहे. त्याले मधातच बसवा लागते. टर्न इट ऑफ!” एका पोट्टीनं विचारलं, ‘ईट अप’मधला ‘अप’ वर कुठं जातो? सर म्हणाले, “आपण ‘खाऊन टाक’ म्हणतो, त्यात काय टाकतो? आपण ‘करून राहिलो’ म्हणतो, त्यात राहतो कुठं?” त्या दिवशी वर्गाला कळलं की आपण आजवर अशाच जोड्या जुळवत आलो, फी न भरता.

सरांना गांधींचाही आधार आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच नई तालीमची परिषद भरली : शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून. सर म्हणतात, मी तेच करतो, मातृभाषेतून, कापसातून. इंग्रजी त्या आराखड्यात नव्हती, एवढं ते सोडून देतात. एका गोष्टीवर मात्र त्यांचं गांधींशीही जमत नाही. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यसमितीनं वर्ध्यातच इंग्रजांना जायला सांगणारा ठराव केला, आणि घोषणा झाली ‘क्विट’. “कचेरीतला शब्द! पाच वर्षं फायलीत पडून राहिला. ‘क्लिअर आउट’ म्हटलं असतं तं दिवाळीले गेले असते.”

परवा सेलूकडचा एक बाप पोराच्या थकलेल्या फीचं विचारायला, म्हणजे न विचारता टाळायला, आला. खांद्यावर तुरीच्या डाळीचं पोतं.

“सर, हे ठेवा. पैसे कापूस इकला का देतो.”

सरांनी पोतं हातानं जोखलं. सतरंजीवरून पोट्टं म्हणालं, “सर, हे पे ऑफ झालं का पुट ऑफ?”

सरांनी फळ्याकडं पाहिलं, डाळीकडं पाहिलं.

“उद्या सांगतो.”

“पुट ऑफ!” सगळा वर्ग ओरडला.