हत्ती स्वस्त, चारा महाग

2002 साली पोर्शने कायेन आणली तेव्हा स्पोर्ट्‌स कारच्या भक्तांनी नाकं मुरडली होती. आज त्याच पहिल्या पिढीची टर्बो जुन्या बाजारात साध्यासुध्या नव्या एसयूव्हीच्या भावात उभी दिसते, आणि मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून घासाघीस करणारा आपला हिशेबी माणूस एकदम हळवा होतो. ‘अहो, साडेचार लिटरचं व्ही-एट, 450 अश्वशक्ती! आणि भाव बघा!’

भाव गाडीचा पडला. सुट्या भागांना ती जुनी झाल्याचं कुणी कळवलेलंच नाही. इंजिनाच्या दोन रांगांमधल्या खोबणीत कूलंटचे पाइप आहेत. मुळात प्लास्टिकचे. वर्षानुवर्षं भाजून ते कडक होतात आणि एक दिवस तडकतात. तिथवर हात पोचायला वरचं इनटेक मॅनिफोल्ड उतरवावं लागतं. तेव्हा पाइपची किंमत विचारू नये. मजुरीची विचारावी, तीही बसून. टाकी 100 लिटरची. मुंबईत पेट्रोल शंभरीपार, म्हणजे ‘फुल कर’ हे दोन शब्द दहा हजारांच्या वर गेले. पंधरा वर्षं उलटली की आरटीओत फेरनोंदणी, वर पर्यावरण कर. (धूर कमी होत नाही, पावती मात्र मिळते.)

शेवटी बायकोच्या नजरेला कंटाळून मालक जाहिरात टाकतो. फोन खणखणतो. पलीकडून पहिला प्रश्न: ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’