‘टायर म्हणजे टायर’ म्हणणाऱ्या शेठजींस खुले पत्र

शेठजी,

पत्रास कारण की, आपलं जाहीर अभिनंदन करायचं राहून गेलं होतं.

टोयोटानं पहिली प्रियस जपानच्या रस्त्यावर उतरवली ती डिसेंबर १९९७ मध्ये. तेव्हापासून जगभरचे इंजिनिअर हायब्रिडवर डोकं खपवत आहेत. इंजिन कधी बंद करायचं, मोटरनं कधी ओढायचं, ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत कशी भरायची, हा सगळा खटाटोप लिटरमागे चार किलोमीटर जास्त पडावेत म्हणून. आणि आपण? एक जॅक, एक पाना आणि गिऱ्हाइकाला पाजलेला एक कटिंग, एवढ्या भांडवलावर त्या कमाईला कात्री लावून दाखवलीत. वर बॅलन्सिंग फुकट!

आपल्या चौकशीची पद्धतही वाखाणण्यासारखी. गाडी कुठली, चाक किती इंची, बजेट किती. तीन प्रश्नांत निकाल. ‘गाडी हायब्रिड आहे,’ असं मी सांगितल्यावर आपण जो चेहरा केलात, तो गाडीचा रंग सांगितल्यावरही केला असतात. ‘मग काय झालं? टायर म्हणजे टायर, साहेब. गोल असतो, काळा असतो, हवा भरली की चालतो.’ यातलं एकही विधान खोटं नाही, म्हणून तर आपला धंदा इतका निर्धोक चालतो.

त्यानंतर आपण मला पुष्कळ माहिती दिलीत. टायर किती हजार किलोमीटर चालेल, नक्षी कशी ‘स्पोर्टी’ आहे, चार नगांवर कोणती स्कीम आहे, जुन्यांचे बायबॅकमध्ये किती मिळतील, नायट्रोजन भरल्यावर गाडी कशी लोण्यासारखी जाते. (हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो; उरलेल्या २२ टक्क्यांसाठी आपण पैसे घेतलेत, त्याबद्दल तक्रार नाही.) फक्त ज्या अ‍ॅव्हरेजसाठी मी हायब्रिडला लाख-दोन लाख जास्त मोजले होते, त्याला कात्री लावणारा आकडा आपल्या तोंडून आला नाही. त्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. नाव अवघड आहे, हिशेब सोपा आहे. आपल्याच भाषेत सांगतो.

टायर रस्त्याला जिथं टेकतो तिथं तो चपटा होतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा गोल होतो. चपटं व्हायला त्यानं गाडीकडून शक्ती घेतलेली असते. पुन्हा गोल होताना तो ती परत करतो, पण पूर्ण नाही. उधारीवर शंभर रुपये न्यावेत आणि ऐंशीच आणून द्यावेत, तसलं हे गिऱ्हाईक. राहिलेले वीस रबर तापण्यात जातात. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून बघा, चटका बसेल. ते माझं पेट्रोल. किती बुडवतो हे टायरच्या मिश्रणावर आणि बांधणीवर ठरतं. काही टायर टनामागे सात किलोच्या जोरानं गाडीला मागं खेचतात, काही दहा किलोच्या. दीड टनाच्या गाडीला हा फरक साडेचार किलोचा पडतो. अख्खा प्रवासभर कुणीतरी मागून साडेचार किलोच्या जोरानं गाडी धरून ठेवतंय, आणि त्याला आपण ‘मजबूत टायर’ म्हणून विकलंत.

‘सगळ्या गाड्यांना हेच टायर लावतो, कुणाची तक्रार नाही,’ असंही आपण म्हणालात. कशी असेल? साध्या पेट्रोल गाडीत सिग्नलला इंजिन नुसतंच धडधडत उभं असतं, ब्रेक दाबला की सगळी गती पॅडमध्ये उष्णता होऊन जाते, गर्दीत इंजिन कायम आपल्या सोयीच्या बाहेर चालतं. इतक्या ठिकाणी पेट्रोल जात असताना टायरनं खाल्लेलं कुणाच्या लक्षात येणार? हायब्रिडनं यातली बरीच उधळपट्टी थांबवलेली असते. उरतात मुख्यतः दोघं, वारा आणि टायर. त्यातही वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून शहरातल्या वेगात तो नरमच असतो. पुण्याच्या रहदारीत वारा अडवतो असं म्हणायला आधी गाडी पुढं सरकली पाहिजे. तेव्हा शहरात खरा वाटेकरी टायर. आणि ब्रेकमधली शक्ती बॅटरीत परत येते तशी टायरच्या उष्णतेतली येत नाही. परिणाम डोळ्यांना दिसतो. पूर्वी पाय उचलला की गाडी पुलाच्या उतारावर इंजिन बंद ठेवून निवांत घरंगळत जायची. आता मध्येच इंजिन जागं होतं. डॅशबोर्डवरची ती हिरवी ‘ईव्ही’ अक्षरं हल्ली दर्शन दिल्यासारखी येतात.

मी अ‍ॅव्हरेज घटल्याची तक्रार घेऊन आलो तेव्हा आपण आरोपींची मोठी यादी दिलीत, तीही प्रामाणिकपणे तपासली. पहिला आरोपी इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे खरं. इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलनं अ‍ॅव्हरेज पडतं, हेही खरं. पण माझ्या टाकीत ई-२० टायर बदलण्याआधीही होतं आणि नंतरही. एसी आधीही लावत होतो. रस्ते आधीही असेच होते, महापालिकेनं त्यांत माझ्यासाठी काही खास बिघाड केलेला नाही. रोजचा रस्ता तोच, ड्रायव्हर तोच, बायकोच्या मते त्याचं ड्रायव्हिंगही तेवढंच वाईट. बदललं ते फक्त आपलं चार नगांचं बिल.

आता आपल्या बाजूनंही दोन मुद्दे मांडतो, कारण ते आपल्याला सुचले नाहीत. पहिला मोजणीचा. माझे जुने टायर घासून १.६ मिलिमीटरच्या खुणेला आले होते. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. म्हणजे व्यास बारा-तेरा मिलिमीटरनं वाढला. २१५/६० आर १७ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६९० मिलिमीटर, त्यात ही वाढ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. चाक मोठं झालं की तेवढ्याच अंतराला कमी फेऱ्या होतात आणि ओडोमीटर किलोमीटर कमी लिहितो. म्हणजे घटलेल्या अ‍ॅव्हरेजपैकी एवढा भाग निव्वळ कागदावरचा. दुसरा मुद्दा रबराचा. नव्या टायरवर रबर जास्त, म्हणून तापणारं रबर जास्त. पूर्ण घासलेल्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्स नव्यापेक्षा वीसेक टक्के कमी असू शकतो. कंपनी फिटिंगचाच टायर नवा आणून बसवला असता तरी थोडं अ‍ॅव्हरेज पडलंच असतं, आणि तो घासत गेला तसं परतही आलं असतं. हे दोन्ही मी आपल्या खात्यातून वजा केले. उरलेली रक्कम मात्र आपली.

ती किती? अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डानं २००६ साली टायर आणि इंधन याच विषयावर अहवाल काढला. त्यांचा ठोकताळा असा, की रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्क्यांनी बदलला की इंधनात एक ते दोन टक्क्यांचा फरक पडतो. साडेसातचा टायर काढून दहाचा घातला तर रेझिस्टन्स एक तृतीयांशानं वाढला. अ‍ॅव्हरेज तीन ते सहा टक्के पडणार. पाच धरू. २४ देणारी गाडी २२.८ देईल. पन्नास हजार किलोमीटरला ११० लिटर जास्त. लिटरचे शंभर रुपये धरले तरी अकरा हजार. आपण नगामागे पाचशे रुपये ‘खास तुमच्यासाठी’ सोडलेत, म्हणजे चारांचे दोन हजार. नऊ हजारांचा खड्डा आपण बक्षीस म्हणून दिलात आणि मी थँक्यू म्हणालो.

‘पण असले आकडे आपल्याकडे कुठे मिळतात?’ हा आपला शेवटचा हुकमाचा पत्ता. शेठजी, भारतात विकल्या जाणाऱ्या टायरच्या रोलिंग रेझिस्टन्ससाठी, ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी आणि आवाजासाठी एआयएस-१४२ हे मानक आहे. केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये ते सक्तीचं करण्याची अधिसूचना काढली आणि २०२३ पासून चालू टायरांनाही ते लागू झालं. ही एआयएस मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय कुठं आहे, ठाऊक आहे? आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर. आपल्या दुकानातून रिक्षा केली तर मीटर भाड्यात पोचाल, रिक्षावाला मीटरनं आला तर. माझ्या गाडीच्या जातीला २७.९७ चा कागदोपत्री आकडा मिळतो तोही असल्याच प्रमाणित चाचणीतून, आणि तो मिळवताना गाडीच्या पायात कंपनी फिटिंगचे टायर असतात, स्कीमचे नसतात.

मानकाची गोम एवढीच, की ते पास-नापास सांगतं, गुण सांगत नाही. कारच्या टायरला टनामागे १०.५ किलोपर्यंत मुभा. युरोपात ज्याला ‘ए’ वर्ग देतात तो ६.५ किंवा त्याहून कमी. आपल्याकडे दोघेही एकाच रॅकवर, एकाच शिक्क्यासह, शेजारी शेजारी. युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल आहे. आता इंधनाला ‘ए’ ते ‘ई’ असं एक अक्षर, ओल्या पकडीला दुसरं, आवाजाचे डेसिबल वेगळे, आणि ते गिऱ्हाइकाला दाखवणं दुकानदारावर बंधनकारक. आपल्याकडेही फ्रिज-एसीला तारे देणाऱ्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनं टायरसाठी तारांकन सुरू केलं, पण सुरुवात ऐच्छिक ठेवली. आणि इच्छेचा प्रश्न आला की आपल्या दुकानात कोणाची चालते, हे मी पाहून आलो आहे.

‘तुमच्या गाडीला आला होता तोच ब्रँड दिलाय,’ हाही युक्तिवाद ऐकला. गाडी कंपनी टायर कंपनीला रोलिंग रेझिस्टन्सचं लक्ष्य घालून देते आणि त्यानुसार टायर बनवून घेते, कारण तिला अ‍ॅव्हरेजचा आकडा मिरवायचा असतो. दुकानात त्याच नावानं येणारा टायर त्याच मिश्रणाचा असेलच असं नाही. नाव तेच आणि माल वेगळा, ही गोष्ट व्यापाऱ्याला मी समजावून सांगावी, हे मात्र अतीच झालं.

बरं झालं, आपला दुसरा सल्ला मी ऐकला नाही. ‘एक साइज वरचा टाका, गाडी भारदस्त दिसेल.’ २२५/६५ आर १७ घातला असता तर व्यास ७२४ मिलिमीटर, म्हणजे पाच टक्के जास्त. गाडी खरी शंभरनं पळत असताना काटा पंचाण्णव दाखवणार. एक्स्प्रेस वेवरच्या कॅमेऱ्याला ‘माझा काटा भारदस्त आहे’ असं सांगायची सोय अजून झालेली नाही. आणि हवा? ड्रायव्हरच्या दाराच्या खांबाला स्टिकर आहे, त्यावर दाब लिहिलेला आहे. आपल्या पोरानं तो न वाचता ‘सगळ्यांना भरतो तेवढी’ भरली. एक पीएसआय कमी झाला की साधारण ०.२ टक्के पेट्रोल जास्त जातं. पाच कमी असेल तर एक टक्का. दार उघडून दोन ओळी वाचण्याचे वेगळे पैसे लागतील असं बिलावर लिहिलं असतंत, तर तेही दिले असते.

माझं म्हणणं सगळ्यांना कमीत कमी रेझिस्टन्सचाच टायर विका असं मुळीच नाही. अ‍ॅव्हरेजसाठी ओल्या रस्त्यावरची पकड गमावणारा टायर मला फुकट नको. श्रावणात ताम्हिणीच्या वळणावर ब्रेक दाबल्यावर लिटरमागचं अर्धं किलोमीटर आठवत नाही, समोरचा टेम्पो आठवतो. मिशेलिननं १९९२ मध्ये काजळीऐवजी सिलिका घालून ‘ग्रीन’ टायर आणला, तेव्हापासून रेझिस्टन्स कमी आणि पकड चांगली असं दोन्ही बऱ्यापैकी जमू शकतं; फक्त त्याला पैसे पडतात. ते द्यायचे की नाहीत, टायरचं आयुष्य महत्त्वाचं, पकड महत्त्वाची की पेट्रोल, हे माझं मी ठरवीन. आपण माझ्या वतीनं ठरवू नये, आणि ठरवलंत तर त्याला ‘सगळे हाच नेतात’ असं म्हणू नये.

तेव्हा मागणी छोटी आहे. टायर कंपनीच्या माणसाकडून प्रत्येक मॉडेलचे दोन आकडे मागून घ्या, रोलिंग रेझिस्टन्स आणि ओली पकड, आणि ते किमतीच्या पाटीवर किमतीएवढ्याच अक्षरांत लिहा. कंपनी आकडे देत नसेल तर पाटीवर ‘कंपनी सांगत नाही’ असं लिहा. कोणता माल उचलायचा हे गिऱ्हाइकाला तेवढ्यावरही कळेल.

आपला कृपाभिलाषी,
एक हायब्रिडवाला

ता. क. बायबॅकमध्ये घेतलेले माझे घासलेले टायर आपण एखाद्याला ‘अ‍ॅव्हरेज एकदम भारी देतात’ म्हणून विकले असतील, तर त्या व्यवहारात आपण खरं बोललात. पावसात ते थांबत नाहीत, एवढं त्याला पहिला पाऊस पडायच्या आत कळवा.