अर्धे घरचे, अर्धे विकतचे

केस सरळ करायला एक दुपार पुरते. ते पुन्हा कुरळे व्हायला दोन-अडीच वर्षं लागतात. पार्लरच्या भिंतीवरचं दरपत्रक मी नीट वाचलं आहे. त्यात फक्त जाण्याचं भाडं लिहिलेलं असतं, परतीचं नसतं.

माझी भाची सध्या या परतीच्या वाटेवर आहे. नागपूरला शिकत असताना मैत्रिणींबरोबर जाऊन तिने केस ‘स्ट्रेट’ करून घेतले. पहिल्यांदा घरी आली तेव्हा कपाळापासून कमरेपर्यंत एकही केस वाकडा नव्हता. वहिनी हरखली, आई गप्प बसली. मुळांपाशी केस कुरळेच उगवत, म्हणून दर सहा-सात महिन्यांनी तेवढा भाग पुन्हा सरळ करून घ्यावा लागे. नागपुरात ते कोपऱ्यावर होतं. नोकरी लागून ती बैहरला परतली, तेव्हा मात्र प्रकरण अवघड झालं. बालाघाट साठ-पासष्ट किलोमीटर, मध्ये घाट, उकव्याची वळणं, आणि गोंदिया त्याच्याही पुढे. काही दिवस तिने तेही केलं. मग एका पावसाळ्यात, बसमधून उतरून ओकारी थांबल्यावर म्हणाली, ‘आत्या, आता बस झालं. जे येतात ते येऊ दे.’ पुस्तकांत अशा निर्णयाला आत्मशोध म्हणतात. आमच्याकडे त्याचं कारण एस-टीसारखीच एक खिळखिळी खासगी बस होती.

आले ते आजीचे केस. म्हणजे माझ्या आईचे. आईचे केस कुरळे आहेत हे आम्हा भावंडांनाही फारसं ठाऊक नव्हतं, कारण जन्मभर तिने ते तेलात बुडवून, चोपून, आंबाड्यात कोंबून ठेवले. पूर्वी ते तेलही मोहाच्या बियांचं असे, आमच्याकडे त्याला गुल्लीचं तेल म्हणतात. थंडीत ते थिजतं, बाटली चुलीजवळ ठेवावी लागते, आणि त्याचा वास डोक्यावर असला की पाहुणे जरा लांब बसतात. त्या तेलापुढे कुठल्या कुरळ्याची काय बिशाद! आता नातीच्या कपाळावर स्वतःच्या तरुणपणच्या बटा बघून आई एकदम हुशारल्यासारखी झाली. मात्र तोंडाने म्हणाली, ‘काहून वं माय, डोक्यावर दोन पोरी घेऊन हिंडतेस?’

आईचं निरीक्षण अचूक होतं. कानाच्या खालपर्यंत कुरळे, पुढे पाठीपर्यंत सरळ. आणि खालचे पुन्हा कुरळे होत नाहीत, कितीही तेल ओता. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याचे धागे आतल्या आत गंधकाच्या सांध्यांनी बांधलेले असतात. पार्लरमधलं पहिलं मलम, ज्याच्या वासाने दारातूनच डोळे चुरचुरतात ते, हे सांधे तोडतं. मग तापलेल्या इस्त्रीने केस सपाट करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं दुसरं मलम लावून नवे सांधे पक्के करतात. गंमत अशी, की त्याच पहिल्या रसायनाने सरळ केस कुरळेही करतात. इस्त्रीऐवजी केस नळ्यांवर गुंडाळायचे, एवढाच फरक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कार्ल नेसलर नावाच्या जर्मन केशकाराने सरळ केसांच्या मडमांना छताला टांगलेल्या यंत्राखाली तासन्‌तास बसवून कायमच्या कुरळ्या करण्याचा धंदा काढला होता. त्या मडमांनी आमच्या आईचा आंबाडा सोडून पाहायला हवा होता. फुकटात काम झालं असतं.

तर सरळ केलेला केस सरळच राहतो. तो मेलेला असतो, त्याला कसला पश्चात्ताप. नवा केस मुळातून येईल तेवढाच खरा, आणि तो येतो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. वर हा सेंटिमीटर ताणून मोजायचा. हात सोडला की तो गुंडाळून निम्मा होतो. त्यामुळे वर्षभर वाट पाहिल्यावरही शेजारीण विचारते, ‘वाढत नाहीत का गं?’

या सगळ्यात नाजूक जागा कुठली, तर जिथे कुरळा संपतो आणि सरळ सुरू होतो ती. कंगवा तिथेच अडतो आणि केस तिथेच तुटतो. भाचीने मला खिडकीच्या उजेडात एक केस धरून दाखवला. वरचा भाग जाडसर, वळणं घेत आलेला. मग एक बारीक मुडपल्यासारखी जागा. तिथून खाली गुळगुळीत, निर्जीव चकाकी. मला आमचं बैहर आठवलं. आमच्या घरात वाक्य मराठीत निघतं आणि फाटकापर्यंत जाता जाता हिंदी होतं. कुठे बदललं ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. आमचा जिल्हाच मुळी भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून १८६७ ते १८७३ च्या दरम्यान बनवलेला. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर त्या बाजूला गेलं, आम्ही या बाजूला, मध्य प्रदेशात, राहिलो. एरवी काही बोचत नाही. पण पुण्याचा एखादा पाहुणा कौतुकाने विचारतो, ‘तुम्ही मग नक्की कोण?’ आणि कंगवा बरोबर सांध्यावर येऊन अडकतो.

असो. अशा केसांचे नियम भाचीने पाठ केले आहेत. कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही. ओले असताना, कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्याने, आणि तेही टोकाकडून सुरुवात करून हळूहळू वर. आईचं शास्त्र याच्या नेमकं उलट: केस कोरडे हवेत, फणी बारीक हवी, आणि टाळूपासून खाली अशी ओढायची की डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, तरच विंचरल्यासारखं वाटतं. दोघींचं यावर कधी एकमत होणार नाही. उशीच्या अभ्र्यावर मात्र झालं. सुती अभ्रा केस घासतो आणि त्यातला ओलावा शोषतो, रेशमावरून केस घसरतो. हे ऐकल्यावर आईने ट्रंकेतून आपली विरलेली कोशाची साडी काढली, पदर बाजूला ठेवला आणि उरलेल्याचे दोन अभ्रे शिवून दिले. वहिनीने विचारलं, ‘दुसरा कोणासाठी?’ आई म्हणाली, ‘माझ्यासाठी.’

खरी मजा स्वयंपाकघरात आहे. कुरळ्या केसांना वळण धरायला जेल लागतं, आणि बाजारात ते महाग मिळतं. भाचीला शोध लागला की ते जवसापासून बनतं. जवस! आमच्याकडे धान निघायच्या आधीच बांधीतल्या ओलीवर जवस फेकतात, नांगरायचीही गरज नाही. घरात डबाभर असतोच, चटणीसाठी. मूठभर जवस दोन पेले पाण्यात उकळत ठेवायचा आणि ढवळत राहायचं. आधी काहीच होत नाही, पाणी नुसतं तपकिरी होतं. मग वर पांढरट फेस येतो, आणि एका क्षणाला पळीवरून थेंब पडायचं थांबून तार लोंबू लागते. अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट झालं की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच गाळायचं. थंड झालं तर बी आणि बुळबुळ यांची जी गट्टी जमते, ती सोडवायला घरातली सगळी माणसं लागतात. वहिनीची चहाची गाळणी पहिल्याच दिवशी कामी आली. नंतर जुन्या ओढणीचा तुकडा घेतला. भाची चिमट्याने एक टोक धरते, दुसरं टोक मी, आणि मधून ते पारदर्शक, लुळंपांगळं द्रव्य वाटीत उतरतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. एकदा भावाने अंधारात ती वाटी काढून पोळीला लावून खाल्ली. तक्रार एवढीच केली की मीठ कमी आहे.

तांदळाच्या धुवणावर मात्र भांडण झालं. तांदूळ धुतलेलं पाणी केसांना चांगलं, हे आईलाही मान्य. पण भाचीने घेतला चिन्नोर. आमच्या बालाघाटचा हा सुवासिक तांदूळ, २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, शिजला की तीन घरांपर्यंत वास जातो. आईच्या मते तो देवाच्या नैवेद्याला आणि जावयाच्या ताटाला. ‘डोकं धुवायला रेशनचा नाही का?’ त्यावर भाची म्हणाली, ‘तांदूळ खाणारच आहोत ना आजी, मी फक्त पाणी घेते.’ तर्क बिनतोड होता. आईने त्या दिवशी भात नेहमीपेक्षा कमी खाल्ला, निषेध म्हणून.

पावसाळा लागला की दोन मजल्यांचा गोंधळ विकोपाला जातो. हवेतला दमटपणा कुरळ्या केसाला आधी कळतो. १७८३ मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने माणसाचा केस ताणून बांधून हवेची आर्द्रता मोजणारं यंत्र केल्याचं लिहून ठेवलं आहे. कोरड्या हवेतून दमट हवेत गेला की केस दोन-अडीच टक्के लांबतो. मुक्कीच्या जंगलावर ढग जमायला लागले की आमच्या भाचीचा वरचा अर्धा भाग फुलतो, खालचा तसाच लोंबकळत राहतो. अंगणात वाळत घातलेले पापड कधी उचलायचे हे वहिनी आता तिच्याकडे बघून ठरवते.

अशा दिवसांत दोन घट्ट वेण्या हाच उपाय. आणि दोन वेण्या घातलेली नोकरदार मुलगी गावातून निघाली की गाव प्रश्न विचारतं. टायफॉइड झाला होता का? नवस आहे का? एका काकूंनी दबक्या आवाजात लग्नाचं विचारलं: बघायला येणार आहेत तोवर तरी सरळ ठेव, पुढे काय करायचं ते कर. कुरळ्या केसांची माणसं तापट, असंही म्हणतात आमच्याकडे. भाची त्यावर तापली, आणि काकूंचं म्हणणं सिद्ध झालं.

केसांवर गावाचा हक्क असतो, हे काही बैहरपुरतं नाही. आमच्याच भागातले बैगा पुरुष पूर्वी केस न कापता वाढवून मागे गाठ मारत. व्हेरिअर एल्विनने १९३९ च्या ‘द बैगा’ या पुस्तकात त्यांच्याबद्दल विस्ताराने लिहिलं आहे. आता आठवडी बाजारात तरुण बैगा पोरंही कानांवर मशीन फिरवून आलेली दिसतात. त्यांना कोणी ‘काहून कापले’ विचारत नाही, कारण आता ते सगळ्यांसारखे दिसतात. तिकडे अमेरिकेत काळ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कास्टिक सोड्याच्या मलमांनी टाळू भाजून घेत केस सरळ केले, नोकरी मिळावी म्हणून. आमचा जिल्हा जुळवायला घेतला त्याच १८६७ साली लुइझियानात जन्मलेली मॅडम सी. जे. वॉकर केसांची औषधं विकून श्रीमंत झाली. ती १९१९ मध्ये गेली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला की नैसर्गिक केसांवरून कोणाला शाळेत वा नोकरीत अडवता येणार नाही. ख्रिस रॉक या विनोदी नटाला त्याच्या लहान मुलीने विचारलं होतं, माझे केस चांगले का नाहीत? त्यावरून २००९ मध्ये त्याने एक माहितीपट काढला आणि तो थेट आपल्या तिरुपतीला पोचला, कारण तिथे नवसाला वाहिलेले केस तिकडच्या बायकांच्या डोक्यावर जातात. बालाजीला दिलेलं कुणाच्या कामी येईल, सांगता येत नाही.

आपल्याकडे कायदा नाही, पण मिथिला पालकर आहे. २०१६ मध्ये तिने कपांचा ताल धरून एक जुनं मराठी गाणं म्हटलं, ते घराघरांत गेलं. त्या गाण्यातल्या नायिकेचेही केस वाऱ्यावर उडतातच, पण इथे गाणारीच्या डोक्यावर भलाथोरला कुरळा पसारा होता आणि त्याबद्दल कोणी तिला टायफॉइडचं विचारलं नाही. माझ्या मते दहा भाषणांपेक्षा त्या पसाऱ्याने जास्त काम केलं.

खालचा भाग एकदम कापून टाकला की सगळंच मिटतं. पण भाचीची तेवढी तयारी नाही आणि आईसमोर तो विषय काढायची माझी नाही. बाईच्या डोक्याला कात्री लागणं आईच्या पिढीला वेगळ्याच गोष्टींची आठवण देतं. तिने लहानपणी घरात केस उतरवलेली आजी पाहिलेली आहे. म्हणून दोन-तीन महिन्यांनी बोटभर टोकं कापायची, तीही शनिवार, अमावास्या आणि दिवेलागण टाळून. हे काम माझ्याकडे. कापलेली टोकं आई वर्तमानपत्रात गोळा करते आणि कोनाड्यातल्या पिशवीत रोजच्या गुंतवळाबरोबर ठेवते. केस रस्त्यावर टाकायचे नाहीत, आणि केसांवर भांडी मिळतात, अशी दोन कारणं आहेत. पहिलं ती सांगते.

परवा केसवाली आली. तिने पिशवी उलटी केली, गुंतवळ बोटांनी उकललं, एक झुबका उन्हात धरला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, ‘अम्मा, ये तो दो औरतों के बाल हैं. मिलावट है.’

‘एकाच पोरीचे हाएत,’ आई म्हणाली. ‘पोरगी समोर उभी आहे.’

केसवालीने भाचीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘सीधेवाले का भाव अलग, घुंघरालेवाले का अलग. और ये छोटे टुकड़े तो चलते ही नहीं.’

‘कुरळे माझ्या घराण्याचे आहेत, त्याचा भाव कमी लावायचा नाही,’ आई ओट्यावर ठाण मांडून बसली. अर्धा तास चाललं. शेवटी एका चहाच्या गाळणीवर सौदा पटला. गाळणी तशी बरी आहे, पण जवसाला पुरत नाही.