नावांचं पीक

कुडाळ तालुक्यातलं सर्वांत भरवशाचं पीक कोणतं? भात, काजू, आंबा ही तिन्ही उत्तरं चूक. ते पीक सातबाऱ्यावर येतं आणि ते नावांचं असतं. त्याला पाऊस लागत नाही, खत लागत नाही, माकडं आणि गवे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. हिशेबच करू. पीएम-किसान योजनेत भूधारक कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात आणि २०२३ पासून राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी त्यात तेवढीच भर घालतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. सुरुवातीला २ हेक्टरची कमाल मर्यादा होती, ती २०१९ मध्येच उठली. किमान मर्यादा मुळात नव्हतीच. आता समजा, चाळीस गुंठ्यांच्या सामाईक सातबाऱ्यावर भावकीतली पंधरा पात्र कुटुंबं आहेत. झाले वर्षाला १,८०,००० रुपये. त्याच एकरात पंधरा क्विंटल भात झालं, तर २०२४-२५ च्या २,३०० रुपये हमीभावाने हातात येतात ३४,५००, तेही नांगरणी, तरवा आणि लावणीची मजुरी वजा करण्याआधी.

यात लबाडी कुठे आहे, असं कोणी विचारेल. कुठेच नाही, म्हणून तर लिहायचं. आयकर भरणारा, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी नोकर, महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारा, असे सगळे गाळले जातात. पण माणूस चिखलात उतरतो का, हे चाळणीला दिसत नाही. डोंबिवलीत खासगी कंपनीत आयकराच्या खालच्या पगारावर असणारा, चतुर्थीपुरता गावी येणारा हिस्सेदार त्यातून अलगद उतरतो. त्याचा मळा वाट्याने करणारा मात्र अडकतो, कारण त्याच्याजवळ घट्टे आहेत आणि कागद नाही.

याच महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन ठरवून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक केलं होतं. धास्तावलेल्या मालकांनी तेव्हापासून धडा घेतला: जमीन द्यायची ती तोंडी, नाव लागू द्यायचं नाही. गाव नमुना ७-ब मालकाखेरीज दुसरं कोणी कसत असेल तर त्याची नोंद करायलाच आहे. त्यात खरं नाव लिहा म्हटलं की मालक उद्यापासून जमीन पडीक ठेवील, हा आक्षेप खोटा नाही. पण हप्ता देणं म्हणजे मालकी देणं नव्हे. ओडिशाने कालिया योजनेत वाटेकऱ्यांना आणि भूमिहीनांनाही पैसे दिले, मालकी हलवली नाही. शिवाय रक्कम एवढी लहान की वाद कशाला, असं म्हणणाऱ्यांनी दिवसाला तेहतीस रुपये वाटेकऱ्याच्या घरात काय करतात ते बघावं. डोंबिवलीत त्यात वडापाव आणि चहा होतो.

आणि पदरच्या पैशाने जमीन घेऊन रीतसर शेतकरी व्हायचं म्हटलं, तरी वाट सोपी नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदी केलेल्या जमिनीवर पीएम-किसान नाही. वारसाने आलेली चालते. म्हणजे नव्या शेतकऱ्याने बियाणं घेण्याआधी एखादा म्हातारा काका हेरून ठेवावा आणि त्याच्या तब्येतीची अधूनमधून चौकशी करावी.