दंड दहा दिरहम

कॉलेजची सहल मोरोक्कोला जाणार, असं भाचीने घरी सांगितलं तेव्हा तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, एवढंच विचारलं, "का गं? माथेरान बंद झालं?"

प्रश्न गैर नव्हता. मुंबईच्या कॉटन ग्रीनच्या पोरांची सहल म्हणजे शाळेत असताना राणीची बाग आणि तारांगण, कॉलेजात गेल्यावर रायगड नाहीतर वेरूळ, आणि प्राचार्यांचा हात फारच सैल सुटला तर हंपी. पण इतिहासाच्या मॅडमनी 'उत्तर आफ्रिकेची संस्कृती : शहर, खेडं आणि वाळवंट' असा विषय काढला होता. शिवाय अहवालाला गुण होते. गुण म्हटल्यावर आमच्या भागात आजीची एफडीसुद्धा मोडते.

पालकसभेत संस्कृतीबद्दल कोणी काही विचारलं नाही. "तिथे पोळी मिळते का?", "बाथरूममध्ये बादली असते का?" आणि "वाळवंटात रेंज येते का?" या तीन प्रश्नांवर दीड तास गेला. शेवटी एक आजोबा उठले. जन्मभर कापसाच्या दलालाकडे कारकुनी केलेले गृहस्थ. त्यांनी उत्तर आफ्रिकेशी आपलं नातं सांगितलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडून कापूस मिळेना, भाव आभाळाला भिडले आणि मुंबई व इजिप्त दोघांच्याही घरी एकदमच पैसा आला. युद्ध संपलं तशी मुंबई लगेच, १८६५ मध्येच आपटली. इजिप्त कर्ज काढत काढत १८७६ पर्यंत तग धरून मग आपटला. "म्हणजे ती माणसं आपलीच," आजोबा म्हणाले. सभा भारावली. इजिप्त आणि मोरोक्को यांच्यात तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, हे मॅडमनी हळूच सांगून पाहिलं. आजोबा म्हणाले, "असू दे. आमचं राजापूर तरी कुठे जवळ होतं?"

मला जावं लागलं ते आईच्या अटीमुळे. पोरीबरोबर घरातलं कोणीतरी मोठं हवं आणि घरात रिकामा मीच होतो. विमान सुटायच्या आत मी भाचीचा मामा राहिलो नाही, अख्ख्या ग्रुपचा मामा झालो. "मामा, पासपोर्ट सांभाळा." "मामा, ही सुकटीची चटणी तुमच्या बॅगेत टाका, माझ्या बॅगेला वास लागेल."

मॅडमनी विमानतळावरच एक नियम जाहीर केला. "तुम्ही दुसरी संस्कृती बघायला निघालाय. प्रत्येक गोष्ट कॉटन ग्रीनच्या मापाने मोजायची नाही. 'आमच्याकडे' असं जो म्हणेल त्याला दहा दिरहम दंड." दंड जमा करायला चिवड्याचा एक रिकामा होऊ घातलेला डबा नेमला गेला. खजिनदार अर्थातच मामा.

कासाब्लांकात हसन दुसरा मशिदीपुढे आम्ही उभे राहिलो. १९९३ साली पूर्ण झालेली ही मशीद, तिचा मिनार २१० मीटर उंच. मशिदीचा काही भाग थेट अटलांटिकच्या पाण्यावर उभा आहे, असं गाइड अभिमानाने सांगत होता. मागून आवाज आला, "समुद्रात बांधकाम? आमच्याकडे तर स्टेशनाच्या पूर्वेची गोदामंच भरावावर आहेत!" मुलगा खोटं बोलत नव्हता. माझगाव-शिवडीचा भराव १९१२ साली पुरा झाला आणि पुढे त्याच जमिनीवर कापूस आला. पण नियम म्हणजे नियम. डब्यात पहिले दहा दिरहम पडले.

तिथून टँजिअरला 'अल बोराक' गाडीने गेलो. २०१८ साली सुरू झालेली ही आफ्रिकेतली पहिली अतिवेगवान रेल्वे, तिचा वेग ताशी ३२० किलोमीटरपर्यंत जातो. प्रत्येकाला नंबराची सीट होती. ती व्यवस्था हार्बर लाइनवर वाढलेल्या मुलांच्या पचनी पडेना. गाडी फलाटाला लागताच दोघांनी थांबण्याआधीच दांडा धरायला हात पुढे केले. दांडा नव्हता, दार बंद होतं. आत गेल्यावर एकाने तर शेजारच्या मोरोक्कन आजोबांना खांद्याला हलकेच बोट लावून, डोळ्यांनीच, थोडं सरकायची विनंती केली. दोन माणसांच्या बाकावर चौथी सीट कशी निघणार, हा विचार त्याला शिवलाही नाही. आजोबांनी क्षणभर पाहिलं आणि खरोखरच सरकले. पोरगा अर्धा बाहेर लटकत बसला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर प्रवासाचा आनंद दिसला. त्याची स्वतःची सीट समोर रिकामी होती. केनित्रानंतर गाडी एकदम टँजिअरलाच थांबते, तरी केनित्रा सुटताच आमची निम्मी मुलं दारात जाऊन उभी राहिली आणि पुढच्या प्रवाशांना "टँजिअर? टँजिअर?" विचारू लागली. उतरणारा आणि न उतरणारा यांची आधीच खात्री करून घेणं हा आमच्याकडचा संस्कार आहे. (हे मी लिहितोय, बोललो नाही. दंड लागू नाही.)

टँजिअरच्या जुन्या गल्ल्यांत इब्न बतूताची म्हणून ओळखली जाणारी कबर आहे. इथे मॅडमचं व्याख्यान झालं. हा माणूस १३०४ साली याच गावात जन्मला, एकविसाव्या वर्षी हजला म्हणून निघाला आणि घरी परतायला त्याला चोवीस वर्षं लागली. मधल्या काळात महंमद तुघलकाने त्याला दिल्लीत काझी केलं, मग चीनला वकील म्हणून धाडलं. त्या वाटेवर तो दौलताबाद आणि नंदुरबारला येऊन गेला आणि त्याने मराठ्यांविषयी लिहून ठेवलं.

मुलं एकदम सावध झाली. काय लिहिलं?

मराठी बायका फार देखण्या, विशेषतः नाक आणि भुवया. मुलींनी एकमेकींच्या नाकांकडे पाहिलं आणि चौदाव्या शतकावर समाधान व्यक्त केलं. नंदुरबारच्या लोकांचं जेवण म्हणजे भात, भाज्या आणि तिळाचं तेल, प्राण्यांना मारणं त्यांना पसंत नाही. "म्हणजे हा लालबागला आलाच नाही," मागून एक जण म्हणाला. त्यात 'आमच्याकडे' नव्हतं, त्यामुळे तो वाचला. दौलताबादच्या किल्ल्यातल्या कैदखान्यात मांजराहून मोठे उंदीर आहेत आणि मांजरं त्यांना पाहून पळतात, असंही त्याने लिहिलंय. यावर मात्र तिघे एका दमात ओरडले, "आमच्याकडे काळाचौकीला आहेत!" तीस दिरहम.

फेजमध्ये कारावीन विद्यापीठ पाहिलं. फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने ८५९ साली त्याचा पाया घातला. एवढं जुनं विद्यापीठ बघून आमच्या एका विद्यार्थ्याने, तिथे निकाल तरी वेळेवर लागतात का, असं विचारलं. मॅडमनी ऐकलं नाही असं दाखवलं. मग चौआरा टॅनरी. तिथे शेकडो वर्षं कातडी कमावतात, मऊ करायला चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात. वास सहन व्हावा म्हणून गच्चीच्या दारात प्रत्येक पाहुण्याच्या हातात पुदिन्याची काडी देतात. युरोपीय मंडळी काडी नाकात घालायचीच काय ती बाकी होती. आमच्या मुलींनी पुदिना पर्समध्ये ठेवला. वारा भाऊच्या धक्क्यावरून सुटला तरी खिडकी उघडी ठेवून अभ्यास केलेल्या मुली त्या. गाइडने कौतुकाने विचारलं तेव्हा भाचीने तोंड उघडलं, माझ्या हातातला डबा पाहिला आणि मिटलं.

अॅटलासच्या डोंगरातल्या एका अमाझिग (बर्बर) घरी दुपारचं जेवण होतं. घरमालकाने चहा हातभर उंचावरून ओतला, एक थेंब बाहेर नाही. पुदिन्याचा तो चहा मोरोक्कोची ओळख, पण त्यातली हिरवी पत्ती येते चीनहून. पुढे वांग्याचं 'झालूक' आलं आणि पाठोपाठ पदर सुटलेली चौकोनी 'म्समेन'. भरीत आणि घडीची पोळी आहे हे सगळ्यांना कळलं, पण बोलणार कोण? अख्खी पंगत एकमेकांकडे बघून नुसती मान डोलवत होती. घरधनीण घाबरली. पाहुण्यांना जेवण आवडलं नाही असं वाटून तिने आणखी वाढलं. मी बॅगेतून सुकटीची चटणी काढली. तिने बोटाने चाखली, डोळे पुसले आणि बरणी ठेवून घेतली. साताऱ्याकडे शेती असलेल्या एका मुलाने तेवढ्यात सांगून टाकलं, की मोरोक्कोत खुरिब्गाला फॉस्फेटच्या मोठ्या खाणी आहेत, भारतातल्या खतात मोरोक्कोचं फॉस्फेट येतं आणि त्याच्या उसाला ते पडत असणार. "म्हणजे आमच्याकडे तुमचंच मीठ खातात म्हणा की," असं तो म्हणाला आणि स्वतःच डब्यात दहा टाकले. त्याचं म्हणणं, या वाक्याला दहा महाग नाहीत.

पुढे वारझाझात अॅटलास स्टुडिओ आहे, १९८३ पासूनचा. तिथे इजिप्तची देवळं, रोमचे चौक, तिबेटचे मठ, सगळं खोटं उभं आहे. इतर देशांचे पर्यटक सेल्फी काढत होते. आमच्यात गणपतीच्या डेकोरेशनवाल्याचा मुलगा होता. त्याने फराओच्या खांबावर टिचकी मारली, कान लावला आणि निकाल दिला, "प्लास्टर. आत लाकडी सांगाडा. सांधा दिसतोय." मग सगळेच टिचक्या मारत हिंडू लागले. रखवालदार धावत आला. ही तपासणी आहे, तोडफोड नाही, हे त्याला समजावताना आमचं फ्रेंच संपलं. पण पोराला भेटला तो तिथला एक वयस्क गवंडी. दोघांनी भाषेशिवाय, नुसत्या हातांनी, प्लास्टर किती पातळ कालवायचं यावर अर्धा तास चर्चा केली. मोरोक्कोच्या संस्कृतीविषयी त्या सहलीत झालेलं ते सर्वांत खोल संभाषण होतं आणि ते अहवालात घालायला त्याला रकानाच सापडला नाही.

मेर्झूगाजवळ एर्ग शेब्बीच्या वाळूच्या टेकड्या काही ठिकाणी दीडशे मीटरपर्यंत चढतात. उंटावर बसलो, उतरलो, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण उंटाचंही काही म्हणणं असेल. रात्री थंडी अशी, की माकडटोपीची थट्टा करणारी मुलंच ती मागायला आली. अडचण थंडीची नव्हती, शांततेची होती. मालगाडीच्या शंटिंगवर झोपायची सवय असलेल्या माणसांना त्या शांततेत झोप लागेना. मध्यरात्री कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, "पुढील स्टेशन, कॉटन ग्रीन." दहा मिनिटांत अख्खा तंबू घोरत होता. घोषणेला दंड करायचा की नाही, हा मुद्दा मॅडमनी सकाळवर टाकला आणि सकाळी विसरल्या.

शेवटी मराकेश. जमा अल-फना चौकात संध्याकाळी गोष्टी सांगणारे, संत्र्याच्या रसाच्या गाड्या आणि लोखंडी चिपळ्या वाजवणारे ग्नावा वादक. या चौकाच्या परंपरेला युनेस्कोने मान दिलाय, ग्नावा संगीताला २०१९ साली. लालबागच्या पथकातल्या दोघांना तो ठेका ऐकून राहवेना. त्यांनी रसवाल्याचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घातला आणि ताशाचा हात सोडला. ग्नावांनी आधी भुवया उंचावल्या, मग जागा दिली. भोवती गर्दी जमली. मॅडम टाळ्या वाजवता वाजवता शेजारच्या फ्रेंच बाईंना मोठ्याने म्हणाल्या, "हे काहीच नाही. आमच्याकडे विसर्जनाला या तुम्ही!"

मी डबा पुढे केला. त्यांनी निमूटपणे दहा दिरहम टाकले. डब्यातल्या पैशांत सगळ्यांचा संत्र्याचा रस झाला, वादकांचाही.

परत आल्यावर मी इब्न बतूताच्या प्रवासाचं पुस्तक चाळलं. मालीच्या सुलतानाने पाहुणचार म्हणून तीन भाकऱ्या, मांसाचा तुकडा आणि दही धाडलं, तेव्हा हा माणूस हसला होता आणि मग तक्रार करत बसला होता. आणि एवढी दुनिया पाहून घरी पोचल्यावर त्याने निष्कर्ष काय काढावा? आमचाच मुलूख सर्वांत चांगला, इथे खाणं मुबलक आणि भाव स्वस्त. दंडाचा नियम तेव्हा असता तर तो टँजिअरला पोचायच्या आत भिकेला लागला असता. तरीही आज जग त्याला थोर प्रवासी म्हणतंय, कारण घरची आठवण काढत का होईना, त्याने समोरचं बारकाईने पाहिलं आणि लिहून घ्यायला सांगितलं.

म्हणून माझं मत मुलांच्या बाजूने आहे. 'आमच्याकडे' म्हटल्याशिवाय 'तुमच्याकडे' नीट दिसत नाही. परक्या गावात घरची खूण शोधणारा मुलगा निदान त्या गावाकडे बघतो तरी. तुमच्या घरातलं कोणी अशा सहलीला निघालं तर त्याला खुशाल तुलना करू द्या. फक्त चिवड्याच्या डब्याबरोबर एक कोरी वहीसुद्धा द्या. नंदुरबारचा भात आणि तिळाचं तेल इब्न बतूताने लिहून ठेवलं. त्याच्या देशातल्या पुदिन्याचा, प्लास्टरचा आणि सीटवर सरकून जागा देणाऱ्या आजोबांचा हिशेब आपल्याकडून अजून यायचा आहे.