कुलूप लावलं, कुत्रे आतच

मकाऊमधला ‘कॅनिड्रोम’ हा ग्रेहाउंडच्या शर्यतींचा ट्रॅक जुलै २०१८मध्ये बंद झाला. जागा बदला नाहीतर गाशा गुंडाळा, असं सरकारने २०१६मध्येच बजावलं होतं. हाताशी दोन वर्षं होती. तरी शेवटच्या दिवशी पिंजऱ्यांत ५००हून जास्त कुत्रे होते आणि त्यांना खाऊपिऊ घालण्याची जबाबदारी सरकारी खात्यावर येऊन पडली. वर्षानुवर्षं ज्यांच्या पायांवर पैसा कमावला, त्यांना मालकांनी असं वाऱ्यावर सोडावं? मला याचा राग येतो, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

धावपळ केली ती ‘ॲनिमा’ या प्राणिरक्षक संस्थेने आणि तिचे तेव्हाचे प्रमुख अल्बानो मार्टिन्स यांनी. बहुतेक कुत्रे मूळचे ऑस्ट्रेलियातले. त्यांना इटलीत, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत, हाँगकाँगमध्ये घरं शोधायची, कागदपत्रं करायची, एकेकाला पेटीत घालून विमानात चढवायचं. २०१९ उजाडलं तरी हे काम चालूच होतं.

आणि घर मिळालं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. आपल्या कारवानी कुत्र्यासारखाच हा सडपातळ, निमुळत्या तोंडाचा प्राणी ताशी ६० किलोमीटरच्याही पुढे पळतो, पण अनेकदा त्याला जिना चढता येत नाही. पिंजरा आणि ट्रॅक यापलीकडे त्याने काही पाहिलेलंच नसतं. पहिल्या पायरीशी तो थरथरत उभा राहतो. मग घरचं माणूस खाली बसतं, त्याचा एकेक पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवतं. काचेच्या दाराला तो धडकतो. डोक्यापेक्षा मान जाड, म्हणून साधा पट्टा सर्रकन निसटतो. अंगावर चरबी नाही, थंडीत झूल घालावी लागते. मांजर दिसलं की पाठलागाची जुनी सवय उसळते. एवढं सांभाळलं की हा वेगाचा राजा दिवसाचा बराच वेळ सोफ्यावर पाय वर करून झोपतो.

दोन ते पाच वर्षांचा झाला की ट्रॅकला तो नकोसा होतो. जगतो मात्र बारा वर्षांपर्यंत. मधल्या सात ते दहा वर्षांचा खर्च धंद्याच्या हिशेबात कुठे असतो? तो उचलतात ती माणसं, ज्यांनी कधी पैज लावलेली नसते.

वेळेवर ठरवलं तर जमतं. फ्लोरिडात २०१८च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी शर्यतींवर बंदी आणली, ती लागू झाली २०२०च्या अखेरीस. कुत्रे घरी न्यायला तिथे लोकांनी नावं नोंदवून वाट पाहिली. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४मध्ये बंदी जाहीर करतानाच, कुत्र्यांची सोय लागावी म्हणून वीसेक महिन्यांची मुदत ठेवली.

पण नुसत्या मुदतीने पोट भरत नाही, हे मकाऊत दिसलं. जिथे अजून ट्रॅक चालू आहेत, तिथल्या सरकारांनी परवाना देतानाच दर कुत्र्यामागे अनामत रक्कम घ्यावी. कुत्रा कुणाच्या तरी घरी पोचल्याची पावती मालक दाखवेल, त्या दिवशी ती परत करावी.