उलटलेल्यांसाठी मार्गदर्शिका

कयाक उलटवायला कुणी शिकवावं लागत नाही; ती कला उपजत असते. ही मार्गदर्शिका त्यानंतरच्या प्रसंगासाठी आहे: आकाश खाली, बूड वर आणि नाकात पाणी. त्या प्रसंगी पानं उलटणं अवघड जातं, म्हणून आधीच वाचून ठेवा.

वाचून कुठे असलं काही येतं का, असं घरचे विचारतील. त्यांना एदी हान्स पावलाटाचं नाव सांगा. या ऑस्ट्रियन गृहस्थाने ध्रुवीय प्रवाशांनी लिहिलेली इनुइट शिकाऱ्यांची वर्णनं वाचली आणि १९२७ मध्ये स्वतःच्या खटपटीने उलटी कयाक सरळ केली. वल्ह्याचं एक टोक हातात घेऊन बाकीचं लांब बाहेर काढायची त्याची पद्धत आजही पावलाटा रोल म्हणून शिकवतात. घरच्यांचं समाधान होणार नाही, पण विषय बदलेल.

साहित्य: कयाक, वल्हं, लाइफ जॅकेट, हेल्मेट, कमरेला घालून कॉकपिटवर ताणायचा स्प्रे स्कर्ट आणि नोज क्लिप. कोलाडची कुंडलिका आणि ऋषिकेशची गंगा नंतर. आधी स्विमिंग पूल, आणि शेजारी कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला, फारसा दयाळू नसलेला प्रशिक्षक.

स्कर्टच्या पुढच्या टोकाचा पट्टा बाहेर राहिलाय ना, हे पुन्हा पुन्हा पाहा. तो ओढला की स्कर्ट सुटतो आणि तुम्ही पोहत वर येता. माघारीचा हा रस्ता आधी शिकायचा असतो. अभिमानी माणसांनी तर सगळ्यात आधी.

आता उलटा. पुढे वाकून कपाळ डेकजवळ आणा, म्हणजे नदीतल्या दगडांची भेट तोंडाऐवजी हेल्मेटशी होईल. वल्हं कयाकला समांतर धरून मुठी पाण्याबाहेर काढा. मुठींना वारा लागला की समजा, वर तिकडे आहे. ही माहिती त्या क्षणी फार मोलाची वाटते. मग पुढचं पातं पृष्ठभागालगत कमानीसारखं बाहेर फिरवा आणि त्याच बाजूचा गुडघा वर खेचा. कयाक फिरते ती कमरेने, हातांनी नव्हे. दंड कमावलेली मंडळी इथे हटकून अडकतात.

खरी अडचण डोक्याची. त्याला सगळ्यात आधी वर यायचं असतं, पण यायला हवं सगळ्यात शेवटी. पाण्यात असेपर्यंत त्याचा भार पाणी पेलतं. बाहेर काढलंत की चारपाच किलोंचं ओझं तुम्हीच उचलायला घेता. शिवाय मान वर ताणली की नेमका नको तो गुडघा दाबला जातो आणि अर्धी सरळ झालेली कयाक परत पालथी. म्हणून नजर पात्यावर ठेवा आणि कान खांद्याला चिकटवा. श्वास हवाय, हे खरं. डोकं तो मागत असेल, पण देऊ नका. पहिल्या दिवशी डोकंच जिंकेल.

ग्रीनलंडच्या सील शिकाऱ्यांना डोक्याला जिंकू देण्याची हौस परवडणारी नव्हती. कातडी अंगरखा कॉकपिटच्या कडेला आवळून बांधलेला, पाणी बर्फाचं, पोहणं बहुतेकांना ठाऊक नाही. रोल हाच परतीचा मार्ग. त्यांच्याकडून शिकून पटाईत झालेला इंग्रज संशोधक जिनो वॉटकिन्स १९३२ मध्ये तिथेच एकटा शिकारीला गेला. त्याची कयाक तरंगताना सापडली, तो सापडला नाही. तेव्हा कितीही येत असलं तरी एकट्याने जाऊ नका. ही सूचना गमतीची नाही.

शिकारीत वल्हं हातातून निसटलं किंवा हारपूनच्या दोरीत हात गुंतला, तर? त्यासाठीही तिथे वेगवेगळे रोल आहेत. ग्रीनलंडच्या राष्ट्रीय कयाक स्पर्धेत तीसहून अधिक प्रकारांना गुण मिळतात. एकात हातांची घडी छातीशी घालून वर यायचं. दुसऱ्यात मुठीत वीट धरून. तुमचा एखादा रोल चुकून जमला की प्रशिक्षक विटेचा विषय काढेल. कानात पाणी गेलंय म्हणून सांगा.